परदेशातून फोनवर किंवा टपालाने कार्डाची ऑर्डर घेताना: सुविधा कशी मिळवायची, बिलिंग पत्ता कसा पडताळायचा

श्रावण संपला की दादर, गिरगाव, विलेपार्ल्यातल्या फराळवाल्यांना, साडीवाल्यांना आणि दिवाळी अंकांच्या प्रकाशकांना परदेशातून फोन सुरू होतात. वस्तू ठरते, पत्ता सांगून होतो आणि गिऱ्हाईक फोनवरच कार्डाचा नंबर वाचू लागते. असा नंबर घेऊन पैसे वसूल करायचे तर बँकेची वेगळी मंजुरी लागते. बँकेच्या भाषेत हिला मोटो, म्हणजे मेल ऑर्डर-टेलिफोन ऑर्डर सुविधा म्हणतात. मंजुरीचे काम कागदपत्रे नीट असतील तर अवघड नाही. त्यापुढचे काम जास्त जबाबदारीचे आहे. कार्ड समोर नसते, पिन नसतो, ओटीपी नसतो, आणि व्यवहार खोटा निघाला तर नुकसान जवळजवळ नेहमी दुकानदाराचेच होते. म्हणून पत्त्याची पडताळणी नीट समजून घेतल्याशिवाय ही सुविधा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्या कार्डावर चालते

ही सुविधा परदेशातल्या बँकांनी दिलेल्या कार्डांपुरतीच समजा. भारतात दिलेल्या कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहारात ओटीपीसारखा दुसरा पडताळा सक्तीचा केला आणि पुढे हीच अट फोनवरच्या ऑर्डरींनाही लावली. त्यामुळे नाशिकच्या किंवा नागपूरच्या गिऱ्हाइकाला पेमेंट लिंक पाठवा, नाहीतर यूपीआयने पैसे घ्या. त्याच्याकडून फोनवर ओटीपी मात्र कधीही मागू नका. ओटीपी मागतो तो भामटा, याशिवाय गिऱ्हाइकाला दुकानदार आणि भामटा यांच्यात फरक कळायला दुसरा मार्ग नसतो, आणि आपण ओटीपी मागितला की तोही मार्ग आपणच बंद करतो.

पात्रता आणि कागदपत्रे

अर्ज ज्या बँकेत दुकानाचे चालू खाते आहे तिच्याकडे, किंवा आंतरराष्ट्रीय कार्डे स्वीकारून दुकानदाराला पैसे मिळवून देणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटरकडे करायचा. सुविधा द्यायची की नाही हा बँकेचा निर्णय असतो, तो आपला हक्क नाही. धंदा किती जुना आहे, खात्यावर उलाढाल किती, माल कोणता, याआधी कार्ड व्यवहारांत तक्रारी आल्या का, हे सगळे पाहिले जाते.

एकट्या मालकाचा धंदा असेल तर मालकाचे पॅन आणि पत्त्याचा पुरावा यांच्या जोडीला धंद्याच्या नावाचे दोन पुरावे लागतात. उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, आयात-निर्यात कोड, गुमास्ता (दुकानाची नोंदणी) यांतले कोणतेही दोन चालतात. दोन मिळतच नसतील तर बँक जागेवर येऊन पाहणी करून एकावरही काम करू शकते. भागीदारी असेल तर भागीदारीचा करारनामा, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि खऱ्या मालकांची यादी जोडावी लागते. रद्द केलेला चेक, खात्याचे उतारे आणि आयकर विवरणपत्र हे जवळपास सगळीकडे मागतात.

गुमास्त्याबद्दल मुंबईत अजून गोंधळ आहे, म्हणून दोन वाक्ये जास्त. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती हाच पुरावा. बँकेतला माणूस ‘लायसन्स कुठे?’ म्हणाला तर ही पावती पुढे करा आणि कायद्यातली तरतूद शांतपणे दाखवा.

माल देशाबाहेर जाणार असल्यामुळे परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड हवा. अर्ज ऑनलाइन, शुल्क ५०० रुपये, एका पॅनवर एकच कोड. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती बरोबर असल्याची ऑनलाइन खात्री द्यावी लागते. काहीच बदलले नसले तरी द्यावी लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि ऐन हंगामात पार्सल अडकते. जीएसटी नोंदणी असेल तर कर न भरता निर्यात करण्यासाठी दरवर्षीचे हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरून ठेवा. खाण्याच्या मालाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी अर्थातच हवी.

इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून मालक भाड्याच्या घरात राहतो, ही मुंबईत घरोघरची गोष्ट आहे. अशा वेळी आधारवरचा पत्ता जुना असतो. मग दोन महिन्यांच्या आतले वीजबिल, पाइप गॅसचे बिल किंवा मालमत्ता कराची पावती तात्पुरती चालते, पण तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा अधिकृत पुरावा बँकेला द्यावाच लागतो.

अर्जात एक रकाना गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटवर कोणते नाव छापून यावे याचा असतो. तिथे मालकाचे नाव किंवा भलतेच लांब फर्मचे नाव टाकू नका, दुकानाच्या पाटीवर आहे तेच टाका. गिऱ्हाइकाने स्वतः केलेली खरेदी त्याला नावावरून ओळखता आली नाही, तरी तो बँकेत तक्रार करतो. आणखी एक गोष्ट बँकेला लेखी विचारा: पत्त्याची पडताळणी, म्हणजे एव्हीएस, आमच्या खात्यावर सुरू आहे का, आणि तिचे उत्तर आम्हाला पडद्यावर दिसेल का? नुसती मोटो मिळाली आणि एव्हीएस नाही, तर सरळ नकार द्या.

पत्ता जुळतो म्हणजे नेमके काय जुळते

एव्हीएस मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कार्डांवर चालते. आपण कार्डाच्या नंबराबरोबर बिलिंग पत्ता टाकतो, तो कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि तिच्या नोंदीशी ताडला जातो. पण रस्त्याचे नाव, गावाचे नाव जवळजवळ बघितलेच जात नाही. घराचा क्रमांक आणि पिन कोडचे आकडे, एवढेच बघितले जाते. ब्रिटनच्या पोस्टकोडमधली अक्षरेही गळतात. ‘एचए३ ५’ ने सुरू होणाऱ्या पोस्टकोडातून फक्त ३५ उरतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या साध्या पडताळणीत कार्डधारकाचे नाव जुळवले जात नाही, हे विशेष लक्षात ठेवा.

उत्तर एका इंग्रजी अक्षरात येते. ‘वाय’ म्हणजे घराचा क्रमांक आणि पाच आकडी झिप (अमेरिकेतला पिन कोड) दोन्ही जुळले, ‘एक्स’ म्हणजे नऊ आकडी झिपसह जुळले. ‘ए’ म्हणजे क्रमांक जुळला पण झिप नाही, ‘झेड’ म्हणजे नेमके उलटे. ‘एन’ म्हणजे काहीच जुळले नाही. ‘आर’ आले तर थोड्या वेळाने पुन्हा पाहायचे. ‘यू’, ‘एस’ किंवा ‘जी’ म्हणजे तपासणीच झाली नाही. या तिघांना अनेक जण ‘चालेल’ समजतात आणि तिथेच फसतात. कार्ड कंपनीप्रमाणे अक्षरांत थोडा फरक असतो, तेव्हा आपल्या बँकेकडून तक्ता मागून गल्ल्याशेजारी लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. व्यवहार मंजूर झाल्याचे उत्तर आणि पत्त्याचे उत्तर ही दोन वेगळी उत्तरे आहेत. पत्ता अजिबात जुळला नाही तरी बँक व्यवहार मंजूर करू शकते. मंजुरीचा अर्थ कार्ड चालू आहे आणि पैसे आहेत, इतकाच. चोरलेले कार्डही मालकाने बंद करेपर्यंत चालूच असते.

‘ए’ आले तर लगेच शंका घेऊ नका. न्यू जर्सीतल्या एडिसनचा झिप ०८८२० आहे. ऑर्डरींची यादी एक्सेलमध्ये ठेवली की पुढचे शून्य गळते, ८८२० असा चार आकडी कोड जातो आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाचा पत्ता चुकीचा ठरतो. तो रकाना टेक्स्ट करून घ्या. ‘झेड’ बहुतेकदा फ्लॅटचा क्रमांक घराच्या क्रमांकाच्या जागी टाकल्यामुळे येते, किंवा माणसाने त्याच झिपमध्ये घर बदलले आणि बँकेला कळवले नाही म्हणून. दोन्ही वेळा फोन करून ‘कार्डाच्या स्टेटमेंटवर छापलेला पत्ता जसाच्या तसा सांगा’ असे म्हणा. तुमच्याकडचा पत्ता तुम्ही वाचून दाखवू नका, त्यालाच सांगू द्या. ‘एन’ आले तर पत्ता एकदा पुन्हा विचारून तपासा. तरीही तेच आले तर माल पाठवू नका, पैसे त्याच कार्डावर परत करा.

फराळाच्या धंद्यात खरी अडचण वेगळीच येते. शिकागोतली मुलगी टेक्ससमधल्या मावशीला डबा पाठवते, म्हणजे बिलिंग पत्ता एक आणि पोचवायचा पत्ता दुसरा. यात गैर काही नाही, पण एव्हीएस फक्त पहिल्या पत्त्याबद्दल बोलते. गिऱ्हाईक नवे असेल आणि पत्ते वेगळे असतील तर फोनवर नंबर घेऊच नका. पेमेंट लिंक पाठवा, म्हणजे ओळख पटवण्याचे काम त्याची स्वतःची बँक करेल आणि तसे झाल्यावर फसवणुकीची जबाबदारीही सहसा तिच्याकडे जाते. एकामागून एक चार कार्डे सांगणारा, भाव न विचारता मोठी ऑर्डर देणारा, ‘जास्त रक्कम कापा आणि उरलेली आमच्या कुरिअरवाल्याला द्या’ म्हणणारा, या तिघांना नम्रपणे नाही म्हणा. शंका असेल तर आपल्या बँकेच्या मंजुरी कक्षाला फोन करून ‘कोड १०’ म्हणा. समोरच्याला कळू न देता तपासणी मागायचा हा जगभरचा संकेत आहे.

नंबर लिहून ठेवायचा नाही

दुकानदाराने कार्डाचा पूर्ण नंबर साठवायला १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव ठेवता येते. सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा छोटा गुप्त आकडा, तर व्यवहार झाल्यावर कुठेच राहता कामा नये. टपालाने येणाऱ्या वर्गणीच्या फॉर्मवर त्याचा रकानाच छापू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी कार्डाचा फोटो पाठवला तर तो वापरू नका, पुसून टाका आणि पाठवणाऱ्यालाही पुसायला सांगा.

कार्डाच्या मालकाने व्यवहार नाकारला तर त्याला साधारण १२० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. म्हणजे दिवाळीच्या ऑर्डरीची नोटीस जानेवारी-फेब्रुवारीतही येऊ शकते. उत्तराला मुदत थोडीच असते, म्हणून प्रत्येक ऑर्डरीचा कागद त्याच दिवशी तयार ठेवा: फोनची तारीख-वेळ, सांगितलेला पत्ता, एव्हीएसचे अक्षर, मंजुरी क्रमांक, कुरिअरची किंवा टपालाची पावती आणि माल पोचल्याची सही. नोटीस आली की हे सगळे एकाच ईमेलने बँकेला पाठवा आणि पोच मागा. व्यवहार खरोखर खोटा आहे असे दिसले तर भांडत बसू नका, पार्सल वाटेत असेल तर आधी कुरिअरला फोन करून ते परत बोलवा.