बिबा

आंबा-काजूच्या कुळातील पानझडी वृक्ष आणि त्याचे औषधी फळ. संस्कृत नाव भल्लातक, शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि मेळघाटच्या जंगलांत तो आढळतो. हिवाळ्यात धरणाऱ्या फळाचा देठाकडचा नारिंगी, मांसल भाग वाळवून किंवा भाजून खातात. टोकाला असते ते काळे, कठीण फळ म्हणजे बिबा.

बिब्याचा गुण आणि धोका दोन्ही त्याच्या सालीतल्या तेलात आहेत. हवा लागताच हे तेल काळे पडते, म्हणून पूर्वी परीट कपड्यांवर बिब्यानेच खूण करीत. खेड्यांत बिबा सुईला टोचून दिव्यावर धरतात. गळणारा थेंब टाचेच्या भेगांत, मुरगळलेल्या सांध्यावर लावतात, खोकला-दम्यासाठी दुधातही पाडतात. आयुर्वेदात भल्लातक रसायन (शक्तिवर्धक औषध) सांगितले आहे, पण ते शोधनानंतर, म्हणजे विषारीपणा कमी केल्यानंतर. विटेच्या भुकटीत घोळून तेल शोषून घेणे ही त्यातली एक रीत. औषधे नियम, 1945 च्या विषारी द्रव्यांच्या यादीत (अनुसूची ई-1) भल्लातकाचे नाव आहे. घरी दिव्यावर पाडलेल्या थेंबाला ना शोधन, ना माप.

तेलातील भिलावनॉल या द्रव्यांमुळे अंगावर ‘बिबा उततो’: खाज, सूज, पाणी भरलेले फोड आणि नंतर महिनोन्‌महिने टिकणारा काळा डाग. अनेकदा हे एक-दोन दिवसांनी उमटते, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. बिबा जाळल्याचा धूरही बाधतो. पोटात गेल्यास मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदर बाई, लहान मूल आणि मूत्रपिंडाचा रुग्ण यांना तो देऊच नये. बाळाच्या पोटावर बिब्याचे ठिपके देण्याची चाल तर आजच थांबायला हवी. ती कोवळी कातडी भाजते.

तेल लागले की जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी. फोड फोडू नयेत. खोबरेल किंवा तूप लावण्याची जुनी रीत आहे. चेहरा सुजला, डोळ्याला लागले किंवा लघवी कमी झाली, तर दवाखाना गाठावा.

आतला गर म्हणजे गोडंबी. ती पौष्टिक असते, बाळंतिणीच्या लाडवांत घालतात. मात्र सालीचे तेल लागलेली गोडंबी तोंड उतवते. ती काढण्यासाठी दिवसभर बिबे फोडणाऱ्या बायांची बोटे काळी पडतात, सोलतात. लाडवातल्या गोडंबीची खरी किंमत त्या हातांवर दिसते, आणि जाड हातमोजे ही त्यांची पहिली गरज आहे.