डबल बेसचा ॲम्प निवडताना : मागची ऐंशी वर्षे

डबल बेससाठी ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेला वादक जे प्रश्न विचारतो, ते बेस गिटार वाजवणाऱ्याला सहसा पडत नाहीत. इनपुटचा इम्पीडन्स (येणाऱ्या विद्युत संकेताला होणारा विरोध) किती आहे, फेज उलटवण्याची कळ आहे का, अगदी खालची कंपने छाटता येतात का, आणि एका खांद्यावर बेस असताना दुसऱ्या हाताने हा ॲम्प उचलवेल का? हे प्रश्न वादकांच्या लहरीतून आलेले नाहीत. पहिल्या नावाजलेल्या बेस ॲम्पपैकी एक उभ्या बेससाठीच, म्हणजे डबल बेससाठीच, घडला होता. पण पुढे त्याची सारी वाढ बेस गिटारच्या गरजेप्रमाणे झाली आणि मूळ वाद्याला आपली सोय वेगळी पाहावी लागली. आजची निवड या फाटाफुटीतून आलेली आहे.

अडचण मुळात वाद्याच्या घडणीतच आहे. डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला लागते, म्हणजे तिच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. एवढी लांब लहर हवेत जोमाने सोडायला माणसाएवढ्या उंचीची लाकडी पेटीही अपुरी पडते; त्या खर्जाच्या सुरात मूळ कंपन क्षीण असते आणि वरच्या स्वरांशांवरून कानच तो सूर पुरा करून घेतो. १९३०च्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांत तुतारी-सॅक्सोफोनांच्या रांगा वाढल्या, तेव्हा तातीच्या (आतड्यापासून केलेल्या) तारा उंच ठेवून त्या फळीवर आपटत वाजवणे हाच बेसवाल्याचा उपाय होता. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आलेल्या जिमी ब्लँटनने बेसला एकलवादनाचा मान मिळवून दिला. पण ध्वनिमुद्रणात जे स्पष्ट ऐकू येते, ते भरल्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल याची शाश्वती नव्हती. रिकनबॅकरसारख्या कंपन्यांनी त्याच दशकात पोकळ पेटी नसलेले विजेवरचे उभे बेस काढून पाहिले, परंतु ते रुळले नाहीत.

न्यूयॉर्कमधील एव्हरेट हल हा स्वतः बेसवादक. बेस ज्या दांड्यावर जमिनीला टेकतो, त्याच दांड्याच्या वरच्या टोकाला त्याने मायक्रोफोन बसवला, जेणेकरून तो पेटीच्या आत राहील. १९४६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि स्टॅन्ली मायकेल या तंत्रज्ञाबरोबर ॲम्प बनवायला सुरुवात केली. मायक्रोफोन लावलेल्या त्या दांड्याला दिलेले ‘ॲम्पेग’ हे नाव पुढे कंपनीचेच झाले. वाद्याचा मूळ आवाज न बिघडवता फक्त मोठा करायचा, एवढेच हलचे ध्येय होते. त्याचा परिपाक म्हणजे १९६० साली जेस ऑलिव्हरने आखलेला बी-१५ पोर्टाफ्लेक्स. पंधरा इंची एकच स्पीकर, सुमारे २५ वॉट ताकद, आणि वाहून नेताना ॲम्पचा वरचा भाग उलटा करून स्पीकरच्या पेटीतच मिटवता येईल अशी रचना. २५ वॉट आज हास्यास्पद वाटतील. पण लहान सभागृहात, ढोलवाला समजूतदार असेल तर, तेवढ्यात भागते.

दरम्यान १९५१ मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस हा बेस गिटारचा प्रकार बाजारात आणला. दोनच वर्षांत मंक मॉन्टगोमेरी लायनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात तो वाजवू लागला होता. या वाद्याला पोकळ पेटी नव्हती, त्यामुळे ते शेजारच्या स्पीकरने घुमू लागत नसे. शिवाय ते गाडीच्या मागच्या सीटवर मावत असे. रॉक संगीताचा जोर वाढला तसा ग्राहक बदलला. फाटलेला, खरखरीत आवाज एव्हरेट हलला अजिबात मानवत नसे. १९६७ मध्ये त्याने कंपनी विकली आणि दोनच वर्षांनी ॲम्पेगच्याच नावाने एसव्हीटी हा ३०० वॉटचा ॲम्प आला, तो थेट मोठ्या मैदानांसाठी. यापुढे ‘बेस ॲम्प’ म्हणजे बेस गिटारचा ॲम्प, हे गृहीतच धरले गेले.

मुंबईत जॅझ वाजवणारे आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसणारे अनेक वादक गोव्याचे होते, आणि त्या वाद्यवृंदांत डबल बेसही असे. मात्र स्टुडिओत समोर मायक्रोफोन असल्याने तिथे ॲम्पचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता; तो उद्भवतो तो रंगमंचावर.

दुसरा मोठा बदल तारांमध्ये आणि पिकअपमध्ये, म्हणजे वाद्याची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागात, झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीच्या जागी पोलादी तारा आल्या. त्या खाली ठेवता येत आणि त्यांचा सूर लांबत असे. पण चुंबकीय पिकअपमधून येणारा आवाज बेस गिटारसारखा वाटे, आणि साध्या तातीवर तर तो चालतच नाही. त्यामुळे वादक घोडीला (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला) चिकटवण्याच्या किंवा तिच्या फटीत दाबून बसवण्याच्या पिझो पिकअपकडे वळले. दाब पडला की स्फटिकात विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवले होते. १९६०च्या दशकात बार्कस-बेरीने ते व्हायोलिनवर आणले. लॅरी फिशमन या बेसवादकाने स्वतःच्या वाद्यासाठी केलेल्या पिकअपमधून १९८१ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली.

निवडीतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा इथेच आहे. पिझो पिकअप विजेच्या दृष्टीने एका लहान कपॅसिटरसारखा वागतो आणि ॲम्पच्या इनपुटशी मिळून तो खालचे सूर गाळणारा फिल्टर तयार करतो. पिकअपची धारिता १ नॅनोफॅरड धरली आणि इनपुट १ मेगाओमचा असला, तर गळती सुमारे १६० हर्ट्झपासून सुरू होते; बेसच्या चारही मोकळ्या तारा त्याच्या खाली आहेत. तोच इनपुट १० मेगाओमचा केला तर ही मर्यादा १६ हर्ट्झपर्यंत उतरते. ‘पिकअप पत्र्यासारखा वाजतो’ अशी तक्रार करणाऱ्याने आधी इनपुटचा आकडा पाहावा आणि मगच पिकअपला दोष द्यावा, असे माझे मत आहे. पिकअप आणि ॲम्प यांच्या मध्ये जास्त इम्पीडन्सच्या इनपुटचा चांगला प्रीॲम्प लावला तर जुना ॲम्पही चालून जातो.

ही गरज ओळखली ती जॅझवाल्यांना जवळून पाहणाऱ्या लहान उत्पादकांनी. अ‍ॅकॉर्डियनवादक टॉमी ग्युमिनाची पॉलिटोन कंपनी १९७०च्या दशकात बेसवादकांत आणि जॅझ गिटारवादकांत लोकप्रिय झाली; रे ब्राउननेही तिचे ॲम्प वापरले. वॉल्टर वूड्स हाताने बनवत असलेले ॲम्प इतके लहान आणि हलके होते की ते पिशवीतून नेता येत. गॅलियन-क्रूगरचा एमबी१५० हाही याच वाटेवरचा.

फीडबॅकचे दुखणे मात्र ताकद वाढली तसे वाढतच गेले. बेसच्या पोकळीतील हवा साधारण साठ-सत्तर हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि वरची फळी शंभरच्या आसपास. स्पीकरमधून निघालेली लहर फळीला हलवते, पिकअप ते हलणे पकडतो, ॲम्प ते पुन्हा मोठे करतो, आणि तारेला कोणी हात न लावताही एकच सूर हूं करून सुटतो. फेज उलटवली की परत येणारी लहर फळीला आधार देण्याऐवजी विरोध करू लागते. अंतर बदलले की हा हिशोब पुन्हा बदलतो, म्हणून ही कळ हाताशी हवी. चाळीस हर्ट्झखालची कंपने छाटणे त्याहूनही उपयोगी, कारण पिकअप ज्या खोल हालचाली मोठ्या करून देतो, त्या वाद्यातून ऐकणाऱ्याला मुळी येतच नसतात. स्पीकरचा मात्र त्यात दम जातो.

१९८०च्या दशकात याची प्रतिक्रियाही उमटली. थेट पिकअपवरून मुद्रित केलेला, रबरासारखा ताणला जाणारा सत्तरच्या दशकातला बेस तरुण वादकांना नकोसा झाला. डेल्फीओ मार्सालिसने निर्माता म्हणून केलेल्या ध्वनिमुद्रिकांवर, बेसचा लाकडी आवाज मिळावा म्हणून थेट जोडणी टाळल्याची नोंद छापलेली असे. काहीजण तातीच्या तारांकडे परतले, काहींनी ॲम्प बंद केला. त्यात थोडा सोवळेपणा होता. पण त्या आग्रहामुळे उत्पादकांना पुन्हा लाकडाच्या आवाजाकडे लक्ष द्यावे लागले.

त्यानंतर निओडिमियम चुंबकांचे स्पीकर आणि डी वर्गाचे (फार कमी वीज उष्णतेत वाया घालवणारे) ॲम्प आल्याने काही शे वॉट ताकद चार-पाच किलोंच्या आत मावू लागली, आणि वजनाचा प्रश्न जवळपास निकालात निघाला. आता फरक पडतो तो दोन स्वतंत्र चॅनेलांचा. पिकअप एका चॅनेलवर आणि घोडीजवळ लावलेला लहान मायक्रोफोन दुसऱ्यावर घेता आला, तर गजाने वाजवताना मायक्रोफोनचे प्रमाण वाढवता येते, आणि ढोल चढला की ते कमी करून पिकअपवर विसंबता येते. मात्र मायक्रोफोनच्या चॅनेलला अनेक मायक्रोफोनांना लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा आहे की नाही, आणि खालचे सूर छाटण्याची सोय दोन्ही चॅनेलांवर वेगवेगळी दिलेली आहे की एकच, हे खरेदीआधी पाहून घ्यावे.