वेडाच्या भरात चित्रं काढली नव्हती

दुःख उराशी धरून बसल्याशिवाय मोठी कला जन्मत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि पुरावा म्हणून हमखास व्हॅन गॉगचं नाव येतं. वेडाच्या भरात त्याने अजरामर चित्रं काढली म्हणे! घडलं उलटंच. मे १८८९ मध्ये तो स्वतःहून फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. ताऱ्यांनी भरलेल्या रात्रीचं ते प्रसिद्ध चित्र जूनमधलं, तब्येत सावरलेली असतानाचं. जुलैत झटका आला आणि कित्येक आठवडे रंगकाम थांबलं. बरं वाटलं की तो पुन्हा झपाटून कामाला लागे. काम हाच आपल्यावरचा इलाज आहे, असं त्याने भावाला, थिओला, पत्रांतून कळवलं होतं. त्याच्या कष्टांचं श्रेय आजाराला देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

खेळात याच्या अगदी उलट समज आहे: खरा खेळाडू आघात झटकून लगेच उभा राहतो. एप्रिल १९९३ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला सामना चालू असताना टेनिसपटू मोनिका सेलेसवर चाकूहल्ला झाला. जखम काही आठवड्यांत भरली, तरी ती स्पर्धांमध्ये परतली थेट ऑगस्ट १९९५ मध्ये. पुढच्याच जानेवारीत तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.