हवाई अंतर (विदर्भ)

दोन ठिकाणांमधले, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीच्या मध्याला केंद्र असलेल्या मोठ्या वर्तुळाच्या) कंसाने काढलेले सर्वांत कमी अंतर. नागपूर (सोनेगाव विमानतळ) ते मुंबई हे अंतर सुमारे 685 किमी, तर अमरावती (बेलोरा विमानतळ) ते मुंबई सुमारे 540 किमी भरते. नागपूर ते मुंबई लोहमार्ग सुमारे 837 किमीचा आहे. समृद्धी महामार्ग 701 किमीचा असला, तरी तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो.

हवाई अंतर अक्षांश-रेखांशांवरून गणिताने काढतात. ते अक्षांश-रेखांश मात्र जमिनीवर, साखळी (लांबी मोजण्याचे साधन) आणि थिओडोलाइट (कोन मोजण्याची दुर्बीण) घेऊन ठरवावे लागले, आणि त्या कामात वऱ्हाडातल्या वावरांचा वाटा मोठा आहे. विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रासजवळ आरंभलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा महाचाप (दक्षिणोत्तर मोजलेली त्रिकोणांची लांब रांग) सुमारे 78° पूर्व रेखांशालगत उत्तरेकडे सरकत वऱ्हाडात आला. दमरगिद्दा (सुमारे 18°3′ उ.) येथून निघालेला त्याचा टप्पा ‘टकल खेरा’ येथे संपतो. हे नाव टाकरखेडा असावे. पण अमरावती जिल्ह्यात टाकरखेडा नावाची गावे एकाहून अधिक असल्याने, केवळ नामसाधर्म्यावर विसंबण्यापेक्षा सर्वेक्षणाच्या अहवालातला अक्षांश (सुमारे 21°6′ उ.) प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक. लॅम्बटनच्या जन्मवर्षाबाबतही मतभेद असून 1753 पासून 1769 पर्यंतची वर्षे दिली जातात. नागपूरकडे जात असताना जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने चापाच्या मोजणीचा आधार घेऊन 1830 चे गोलाभ (पृथ्वीचा किंचित चपटा आकार दाखवणारी गणिती आकृती) मांडले. त्या गोलाभाची विषुववृत्तीय त्रिज्या आज विमानवाहतुकीत प्रमाण असलेल्या गोलाभापेक्षा सुमारे 861 मीटरने कमी आहे. नागपूर–मुंबई अंतरात यामुळे शंभर मीटरांच्या आतच फरक पडतो.

नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापासून देशातली अंतरे मोजली जात, असा समज रूढ आहे. तेथील 1907 ची खूण समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते. तेव्हा ती तलांकनाची (उंची मोजण्याच्या कामाची) खूण होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हवाई अंतराशी तिचा संबंध नाही.

उड्डाणाचा वेळ अंतराच्या थेट प्रमाणात नसतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण आणि मुंबईवरची प्रतीक्षा हे सारे वेळापत्रकात धरलेले असते. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमी वारे मुंबईहून नागपूरकडे येणाऱ्या जेट विमानाला साथ देतात आणि परतीला अडवतात. बेलोऱ्याहून एप्रिल 2025 मध्ये मुंबईसाठी नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. तीवरील एटीआर 72 या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी 500 किमीच्या आसपास. त्या हिशेबाने तासाभराहून थोडा अधिक वेळ पुरावा, प्रत्यक्षात पावणेदोन तासांच्या आसपास धरतात.

मेळघाटातील धारणी ते अमरावती हवाई अंतर सुमारे 115 किमी आहे. परतवाड्यावरून घाटरस्त्याने ते दीडशेच्या जवळ जाते, आणि तेवढ्या वाटेला एसटी बेलोरा–मुंबई विमानाहून अधिक वेळ घेते.