धीर देणं वेगळं, वेळ मारून नेणं वेगळं

साथीच्या दिवसांत घरात, गल्लीत, दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "काय होत नाही, घाबरू नका". धीर देणारा पण हेच बोलतो आणि वेळ मारून नेणारा पण हेच बोलतो, म्हणून आपला घोळ होतो. ऐकताना दोन्हीनं बरंच वाटतं, फरक कळतो तो दोन-तीन दिवसांनी.

2021 ची, करोनातली गोष्ट. तेव्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा, निपाणीजवळ कोगनोळीला तपासणी नाका होता. माझा आत्येभाऊ कोल्हापूरहून रिपोर्ट घेऊन आला, आत्या म्हणाली निगेटिव्ह हाय की, आता कशाला भ्यायचं, आणि तो आजीला चिकटून जेवायला बसला. तिसऱ्या दिवशी त्याला ताप, मग आजीला. रिपोर्ट खोटा नव्हता. स्वॅब घेतला त्या वेळी नमुन्यात विषाणू सापडला नाही, एवढंच तो कागद सांगतो. लागण होऊन एक-दोनच दिवस झाले असतील तर टेस्टमध्ये येतच नाही, आणि स्वॅब दिल्यावर वाटेत कुठं लागण झाली तर कागदाला काय कळणार? आम्हाला मात्र नाक्यावरून आत सोडलं म्हणजे सुटलो असं वाटलं.

मग आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य सेविका, आल्या. आजीचे हात गार पडलेले, ऑक्सिमीटर नीट दाखवेना, तर त्यांनी आधी आजीचे तळहात चोळून गरम केले आणि मग बोट आत घातलं. आकडा 96 आला. त्या म्हणाल्या, "आज बरं आहे आजी. उद्याचं मी आज सांगणार नाही. दिवसातनं चार वेळा बघा, वहीत लिहा, 94 च्या खाली गेलं तर रात्रीचे दोन वाजू देत, मला फोन करा." आजी त्या रात्री झोपली. हा धीर. बघा, "काय होत नाही" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

म्हणजे धीर देणारा जर-तर बोलतो आणि आपल्याला नेमकं तेच नको असतं, आपल्याला एक घाव दोन तुकडे उत्तर पाहिजे असतं, आणि ते द्यायला वेळ मारून नेणारा तयारच असतो कारण त्याला फक्त समोरच्याचं रडणं थांबवायचं असतं. घरचा माणूस मायेपोटी करतो, अधिकारी गर्दी पांगवायला करतो, पण पुढं काय करायचं ते दोघं पण सांगत नाहीत. आणि एकदा असं तोंडावर पडलं की पुढच्या वेळी खरं सांगणाऱ्यावर पण कोण विश्वास ठेवत नाही, मला हे सगळ्यात वाईट वाटतं.

आपल्या बेळगावकडच्या खानापूर भागात माकडतापाचं असंच होतं. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा सापडला, कन्नडमध्ये मंगन कायिले म्हणतात, 2016 ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पण साथ आली होती. शंभर रुग्णांत तीन ते पाच जण दगावतात, म्हणून लोक रुग्णाच्या घराकडं फिरकत नाहीत. तिथं खरा धीर असा आहे: हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही, गोचिडीपासून लागतो, म्हणून रुग्णाजवळ बिनधास्त बसा, त्याला पेज भरवा. पण ताप उतरला म्हणजे संपलं असं धरू नका, दहा-वीस टक्के लोकांना तिसऱ्या आठवड्यात परत ताप उलटतो, डोकं जबर दुखतं, हात थरथरतात, तसं काय दिसलं तर दवाखान्यात न्या.

आणि जांबोटी, कणकुंबीकडं रानात माकड मरून पडलेलं दिसलं आणि कोण म्हणालं की उन्हानं मेलं असंल, काय होत नाही, तर ऐकू नका. हात न लावता लांबूनच आरोग्य केंद्राला कळवा, माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथंच पाचोळ्यात उतरतात. काजूला, लाकडाला जाऊन आलात तर कपडे गरम पाण्यात टाका, साबणानं आंघोळ करा आणि पोरांच्या गुडघ्यामागं, काखेत, कानामागं बोट फिरवून बघा, गोचिडीची पिल्लं तिळाहून बारीक असतात.