गळ्यातल्या साध्या गाठीचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून कसं करायचं

एका बाजूचा टॉन्सिल आत ढकलल्यासारखा दिसतोय, घास अडकतो, पण दुखत नाही, तापही नाही आणि गोळ्या खाऊन काही फरक नाही, तर ईएनटीवाल्यांना दाखवाच, कारण टॉन्सिलच्या मागच्या जागेत गाठ असू शकते. पॅराफॅरिंजियल ट्यूमर म्हणतात. दुर्मिळ असतो, आणि पाचातल्या साधारण चार गाठी साध्याच निघतात, कॅन्सर नाही. आधी सीटी किंवा एमआरआय, मगच सुई टोचून गाठीचा नमुना, कारण गाठ रक्तवाहिन्यांची असली तर टोचल्यावर रक्त थांबता थांबत नाही. काढतात बहुतेक वेळा मानेला चिरा देऊन, तोंडातून क्वचितच.

आता पैशाचं. योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत, आधी दीड लाखच होते. रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं, फक्त पेशंटचं नाव त्यावर हवं. खरी गोची इथेच होते, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेलं असतं, ते आधी निस्तरा.

हॉस्पिटल योजनेत आहे का ते 155388 वर फोन करून विचारा, आणि ही गाठ योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या उपचारांच्या यादीत, बसते का तेही. हे अॅडमिट व्हायच्या आधी हं! आमच्या ओळखीतल्या एकांनी योजनेबाहेरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन उरकलं आणि मग बिलं घेऊन फिरत बसले, पण कॅशलेस म्हणजे कॅशलेस, नंतर पैसे परत मिळत नाहीत.

हॉस्पिटलात गेलात की आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी, स्कॅनचे रिपोर्ट आणि फिल्म, सगळं ओरिजनल न्या, सोबत झेरॉक्स. ते नोंदणी करतात, मग हॉस्पिटल ऑनलाइन मंजुरी मागवतं, आणि ती आल्यावरच तारीख मिळते. फिल्म घरी विसरलात की फाइल तिथेच अडकलीच म्हणून समजा.

पॅकेजमध्ये नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे, पण त्याला तहसीलदारांचा 1.60 लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि खाजगी हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक सिव्हिल सर्जनकडून तपासून घ्यावं लागतं.

डिस्चार्जनंतर 10 दिवसांची औषधं योजनेतच येतात, घरी जायचं एसटीचं भाडंही, ते मागून घ्या, लाजू नका. गाठीचा तपासणी रिपोर्ट बहुतेक नंतर येतो, तो आणायला पुन्हा एक चक्कर धरूनच चला.