रिझर्व्ह बँक आणि दिल्ली : मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेचं राजकारण

रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया ही भारताची मध्यवर्ती बँक. १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, आधी मुख्य कचेरी कलकत्त्यात होती, १९३७ पासून कायमची मुंबईत, फोर्टमध्ये. नोटा काढणं (एक रुपयाची नोट सोडून, ती अर्थ मंत्रालयाची, तिच्यावर सही पण वित्त सचिवाची), सरकारचं खातं आणि कर्ज सांभाळणं, बँकांवर देखरेख, परकीय चलनाची गंगाजळी आणि व्याजदर ठरवणं ही तिची कामं. पण बँकेची गोष्ट नुसत्या कामांच्या यादीतून कळत नाही, कारण सुरुवातीपासून एकच भांडण चालू आहे की पैसा स्वस्त करायचा की महाग आणि किती छापायचा हे मुंबईने ठरवायचं का दिल्लीने. कायद्यात याचं उत्तर आहे, आणि ते दिल्लीच्या बाजूचं आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ७ नुसार केंद्र सरकार गव्हर्नरशी सल्लामसलत करून जनहितासाठी बँकेला आदेश देऊ शकतं. हे कलम रीतसर आजवर कधी वापरलेलं नाही, आणि बँकेची स्वायत्तता म्हणतात ती त्या न वापरण्यावरच चाललीय.

बँकेच्या आधी

इंग्रजांच्या काळात तीन प्रेसिडेन्सी बँका होत्या, बंगाल, बॉम्बे (१८४०) आणि मद्रास. त्या नोटा काढायच्या, १८६१ च्या कायद्याने तो हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. यातली बँक ऑफ बॉम्बेची कथा मुंबईकरांनी वाचावी अशी आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला वाट्टेल तो भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, मग तो पैसा बॅकबेच्या भरणीच्या शेअर्समध्ये आणि रोज निघणाऱ्या नव्या कंपन्यांमध्ये गेला. १८६३ ला कायदा सैल करून बँकेला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मोकळीक मिळाली होती, प्रेमचंद रायचंद यांचा बँकेत मोठा वट होता, कर्जं वाटली गेली आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. १८६८ ला बँक बुडीत काढून त्याच नावाची नवी उभी करावी लागली. गंमत म्हणजे या बँकेत सरकारचे शेअर होते आणि संचालक मंडळावर सरकारी माणसं पण होती, म्हणजे सरकार आत असलं की बँक सुरक्षित असते हा समज मुंबईत तेव्हाच खोटा ठरला होता.

या तिन्ही बँका १९२१ ला एकत्र होऊन इम्पीरियल बँक झाली, तीच पुढे १९५५ ला स्टेट बँक. पण नोटा सरकारकडे आणि बँकिंग इम्पीरियल बँकेकडे असं दोन ठिकाणी वाटलेलं होतं, त्यामुळे मध्यवर्ती बँक हवी अशी शिफारस भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १९२६ ला केली. बाबासाहेब आंबेडकरांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं, ते इतकं सरळ नाही. पण या कमिशनसमोर १९२५ ला त्यांनी साक्ष दिली होती आणि त्याआधी १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध आला होता हे खरं. त्यांचं म्हणणं जास्त इंटरेस्टिंग आहे, की सरकारला मर्जीप्रमाणे चलन वाढवता येईल अशी व्यवस्थाच नको, चलनाला कायद्याने मर्यादा पाहिजे. तेव्हा इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्स यांच्यासारखे लोक ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची (रुपया थेट सोन्यात नाही, तर सोन्याशी जोडलेल्या परकीय चलनात ठरलेल्या दराने बदलून मिळायचा) बाजू घेत होते तिच्यावर त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता.

शेअरहोल्डरांची की सरकारची

१९२७ ला बिल आलं आणि फसलं. इंग्रज सरकारला बँक खाजगी शेअरहोल्डरांची हवी होती, राजकारणापासून लांब. केंद्रीय विधिमंडळातल्या भारतीय सभासदांना ती सरकारी मालकीची हवी होती कारण शेअरहोल्डरांची बँक म्हणजे शेवटी लंडनच्या आणि इंग्रज पेढ्यांच्या हातात जाणार ही भीती. वाद मिटला नाही, बिल बारगळलं. पुढे भारताच्या राज्यकारभारातल्या सुधारणांवरच्या १९३३ च्या श्वेतपत्रिकेत तर लंडनने अटच घातली की अर्थखातं भारतीय मंत्र्यांकडे द्यायचं असेल तर आधी राजकीय दबावापासून मुक्त अशी रिझर्व्ह बँक उभी राहिली पाहिजे. म्हणजे भारतात स्वायत्त मध्यवर्ती बँक ही कल्पना आली ती भारतीयांच्या हातात पैशाच्या चाव्या लगेच जाऊ नयेत म्हणून, हे विसरून आजच्या वादात बोलणारे खूप आहेत, दोन्ही बाजूंनी.

१९३४ ला कायदा झाला. भांडवल ५ कोटी, शेअर १०० रुपयांचा, मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि रंगून अशी शेअरहोल्डरांची पाच रजिस्टरं, कुणी एकाने बँक ताब्यात घेऊ नये म्हणून पाच शेअरला एक मत आणि जास्तीत जास्त दहा मतं.

आणि पहिल्याच गव्हर्नरचं दिल्लीशी वाजलं. सर ऑस्बोर्न स्मिथ इम्पीरियल बँकेतून आलेले, त्यांना व्याजदर कमी हवे होते आणि रुपयाचा १ शिलिंग ६ पेन्स हा दर जास्त वाटत होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थखात्याचे सभासद जेम्स ग्रिग यांना दोन्ही मान्य नव्हतं. स्मिथ १९३७ ला गेले. बँकेच्या पहिल्या नोटा जानेवारी १९३८ ला आल्या त्यामुळे त्यांची सही एकाही नोटेवर नाही, सही आहे ती पुढच्या जेम्स टेलर यांची.

देशमुख, मग रामा राव

पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावात जन्मलेले, आयसीएस, १९४३ ते १९४९ गव्हर्नर. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला ते होते. त्यांच्याच काळात १ जानेवारी १९४९ ला बँक सरकारी मालकीची झाली आणि कलम ७ मधली आदेश द्यायची तरतूद तेव्हाचीच. १९५० ला ते अर्थमंत्री झाले आणि १९५६ ला मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायच्या निर्णयावर राजीनामा देऊन बाहेर पडले, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर मिंट रोडवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या कचेरीत काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

देशमुखांच्या जागी अर्थमंत्री म्हणून टी. टी. कृष्णमाचारी (टीटीके) आले. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झालेली, पैसा पाहिजे होता. बँक रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, तेव्हा साडेतीन टक्के होता आणि तो बदलणं हे रिझर्व्ह बँकेचं काम. टीटीकेंनी १९५६ च्या शेवटी काय केलं तर हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवलं. दिसायला साधा कर, पण बँका रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलायच्या ते याच मुदती हुंड्या तारण ठेवून, त्यामुळे उचल घ्यायचा खर्च आपोआप चार टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे बँक रेटला हात न लावता मंत्र्याने बँक रेट वाढवला. गव्हर्नर बेनेगल रामा राव चिडले, केंद्रीय मंडळाने डिसेंबरमध्ये ठराव केला की असं काही करायच्या आधी आम्हाला विचारा. टीटीकेंच्या लेखी बँक हा अर्थ खात्याचाच एक विभाग होता आणि हे ते चारचौघांत बोलले सुद्धा. रामा राव नेहरूंकडे गेले, नेहरूंनी कळवलं की बँक सरकारच्या कामकाजाचाच भाग आहे, तिने सल्ला द्यावा पण सरकारच्या धोरणाविरुद्ध जाऊ नये. जानेवारी १९५७ ला रामा रावांनी राजीनामा दिला, साडेसात वर्षं गव्हर्नर राहून. मे महिन्यात बँक रेट रीतसर चार टक्के झाला आणि वाढवलेलं शुल्क खाली आलं, म्हणजे दर वाढवण्यावर वाद नव्हताच मुळी, वाद होता कुणी वाढवायचा यावर.

ॲड हॉक बिलं

याहून मोठी गोष्ट मात्र कसलाही आवाज न करता झाली. १९५५ ला बँक आणि सरकार यांच्यात एक कामचलाऊ व्यवस्था ठरली, दर शुक्रवारी सरकारच्या खात्यात कमीत कमी ५० कोटी असले पाहिजेत आणि नसले तर बँकेने आपोआप ९१ दिवसांची ॲड हॉक ट्रेझरी बिलं (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचे कागद) काढून खातं भरायचं. कुणाची परवानगी नाही, संसदेत चर्चा नाही, रक्कम कमी पडली की बिल निघालं आणि तेवढा नवा पैसा बाजारात. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेलं हे चार दशकं चाललं, १९७४ पासून त्यावर व्याज होतं ४.६ टक्के, महागाई कितीही असो. बिलं फेडायची वेळ आली की त्यांची नवी बिलं, किंवा सरळ न संपणारे रोखे. दुसरीकडे बँकांचे पैसे सरकारी रोख्यांत अडकवायचे, १९९० च्या सुमाराला एसएलआर (ठेवींचा जो हिस्सा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो) ३८.५ टक्के आणि सीआरआर (जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो) १५ टक्के होता, म्हणजे तुमच्या आमच्या १०० रुपयांच्या ठेवीतले साडेत्रेपन्न रुपये असेच बाजूला. त्या काळातल्या गव्हर्नरांना महागाईबद्दल दोष देताना हे लक्षात ठेवावं, त्यांच्या हातात नळाची चावी नव्हतीच.

१९९१ ला परकीय चलन संपत आलं, रिझर्व्ह बँकेने जुलैत सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकलं, आणि त्या धक्क्याने बऱ्याच गोष्टी सुटल्या. सी. रंगराजन गव्हर्नर आणि मनमोहन सिंग (स्वतः माजी गव्हर्नर) अर्थमंत्री असताना १९९४ ला करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून ॲड हॉक बिलं बंद. स्वायत्ततेच्या दृष्टीने माझ्या मते १९३५ नंतरची सगळ्यात महत्त्वाची तारीख हीच आहे, पण तिच्यावर लेख कुणी लिहीत नाही.

अलीकडचं

व्याजदरावरची कुरबुर चालूच राहिली. ऑक्टोबर २०१२ ला गव्हर्नर सुब्बाराव यांनी रेपो रेट (रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर) कमी केला नाही तेव्हा अर्थमंत्री चिदंबरम वैतागून म्हणाले की विकासासाठी सरकारला एकट्याने चालावं लागलं तर एकटे चालू. सुब्बारावांनी २०१३ ला जाता जाता भाषणात परतफेड केली, की एक दिवस चिदंबरम म्हणतील, रिझर्व्ह बँकेचा इतका वैताग येतो की फिरायला जावंसं वाटतं, एकट्याने का होईना, पण देवाची कृपा की ती आहे.

२०१६ ला कायदा बदलून महागाईचं टार्गेट आलं, ४ टक्के, दोन टक्के खालीवर चालेल, आणि दर ठरवायला सहा जणांची समिती, तीन बँकेचे, तीन सरकारने नेमलेले, समान मतं पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. कागदावर बँकेला एवढं बळ आधी कधीच नव्हतं. आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. केंद्रीय मंडळाची बैठक त्याच दिवशी संध्याकाळी, घोषणेच्या काही तास आधी झाली. काळा पैसा रोखीत फारसा नसतो, तो सोन्यात आणि जमिनीत असतो असं मंडळाच्या इतिवृत्तात नोंदलं गेलं, तरी मंजुरी दिली गेली. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या.

२०१८ ला भांडण उघड्यावर आलं. मुद्दे होते कमकुवत सरकारी बँकांवरचे निर्बंध, बिगर बँकिंग कंपन्यांना रोख पुरवणं आणि बँकेच्या राखीव निधीतून सरकारला किती द्यायचं. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतल्या व्याख्यानात सांगितलं की जी सरकारं मध्यवर्ती बँकेचा मान ठेवत नाहीत त्यांच्यावर आज ना उद्या बाजाराचा कोप होतो. आठवड्याभरात रुपया सावरला, तेल उतरलं तर आर्थिक व्यवहार सचिवांनी ट्विटरवर टोमणा मारला की हाच का तो कोप. कलम ७ खाली सल्लामसलत सुरू झाल्याच्या बातम्या आल्या, सरकारने स्वायत्तता मानतो असं पत्रक काढलं, आणि १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल वैयक्तिक कारण देऊन गेले. दोन दिवसात त्यांच्या जागी शक्तिकांत दास आले. पुढच्या ऑगस्टमध्ये, राखीव निधी किती ठेवायचा हे बघणाऱ्या बिमल जालान समितीच्या अहवालानंतर, बँकेने सरकारला १,७६,०५१ कोटी दिले. २०२४ ला हा आकडा २,१०,८७४ कोटी झाला, २०२५ ला २,६८,५९० कोटी, आणि आता बजेट मांडताना ही रक्कम आधीच धरलेली असते.

सलग तीन तिमाह्या महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली तर बँकेने सरकारला पत्र लिहून कारणं सांगायची अशी २०१६ च्या कायद्यातली अट आहे. २०२२ ला ती वेळ पहिल्यांदा आली, ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं. ते प्रसिद्ध करायचं की नाही हे सरकारवर सोडलेलं होतं, आणि सरकारने ते प्रसिद्ध केलं नाही.